औंधची नऊ वर्षं

आमच्या चिमूरमध्ये १६ ऑगस्ट ही तारीख कुणी कुणाला शिकवत नाही. ती घरात असते, आजीच्या बोलण्यात असते, नागपंचमी आली की निघते. १९४२ साली नागपंचमी त्याच दिवशी होती. मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव होऊन आठवडा उलटला होता, पुढारी तुरुंगात गेले होते, आणि तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने झाडीतली गावं आधीच पेटून उठली होती. मोर्चा निघाला, गोळी चालली. सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. त्यानंतर लोकांनी जे केलं त्यात सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले. वरोऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर झाडं आडवी पडली, मोऱ्या फुटल्या. १९ तारखेला फौज येईपर्यंत चिमूरवर इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता.

फौज आल्यावर गावावर, विशेषतः बायांवर, जे ओढवलं त्याची दाद लागावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. तो इतिहास पुष्कळदा लिहिला गेला आहे आणि लिहिला जात राहावा. मला मात्र लहानपणापासून त्या मधल्या तीन दिवसांचं कुतूहल आहे. तहसील नाही, ठाणं नाही, साहेब नाही. अशा गावात पाण्यावरून भांडण झालं तर ते कुणी मिटवायचं? कुणाच्या गोठ्यातला बैल कुणी नेला तर दाद कुठे मागायची? स्वातंत्र्य मिळालं, पण ते चालवायचं कसं, हे ठरवायला गावाला वेळच मिळाला नाही. राज्यघटना म्हणजे शेवटी एवढंच असतं: कुणी, कुठे बसून, कशाबद्दल ठरवायचं, याची आधी करून ठेवलेली बोली.

त्याच काळात, अख्खा महाराष्ट्र ओलांडून पलीकडे, साताऱ्याच्या बाजूला अशी बोली लिहून झाली होती आणि ती चालूही होती. तिथे इंग्रजी साम्राज्य तसंच होतं, राजाही होता. तरी गावाचा कारभार गावाने करायचा, असं त्या राजाने स्वतः सही करून ठरवलं होतं. या संस्थानाचं नाव औंध. त्याची राज्यघटना २१ जानेवारी १९३९ ला अस्तित्वात आली आणि ८ मार्च १९४८ ला संस्थानाबरोबर संपली.

औंध लहान होतं. किती लहान ते आमच्या मुलखाच्या मापाने सांगतो. संस्थानाचं क्षेत्रफळ ५०१ चौरस मैल, म्हणजे १,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात अशी अकरा औंधं मावतील. १९४१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८८,७६२. गावं ७२, आणि तीसुद्धा एका सलग पट्ट्यात नाहीत. औंध एका बाजूला, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशाच्या दुष्काळी माळावर, आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानाचा मुलूख लागे. ज्या राज्याचा नकाशाच असा विखुरलेला, त्याचा कारभार राजधानीत बसून हाकणं मुळातच अवघड होतं. पुढे जे घडलं त्यात तत्त्वाइतकाच या नकाशाचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८ चा, गादीवर आले १९०९ मध्ये. ‘प्रतिनिधी’ हा त्यांच्या घराण्याचा किताब. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना हे पद निर्माण झालं. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या जागी उभा राहून राज्य सांभाळणारा. पुढे परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात हे पद राहिलं आणि औंधची जहागीर त्याबरोबर आली. अडीचशे वर्षं ज्या घराने राजाचा प्रतिनिधी म्हणून मान घेतला, त्याच घराने आपल्या हयातीत प्रजेचे प्रतिनिधी निवडून आणले. शब्द तोच राहिला. तो कुणाच्या बाजूने उभा आहे, ते बदललं.

बाळासाहेब चित्रकार होते, कीर्तन करत, आणि सूर्यनमस्कारांचा त्यांना ध्यास होता. संस्थानातल्या शाळांमध्ये मुलामुलींना त्यांनी सूर्यनमस्कार घालायला लावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं मनावर घेतलं तेव्हा १९१८ मध्ये एक लाख रुपये देऊ करणारे हेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून उठावं लागलं तेव्हा कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर जागा देणारेही हेच. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या डोंगरावर यमाईच्या वाटेत त्यांनी उभं केलेलं संग्रहालय आजही पाहता येतं. म्हणजे राजा हौशी होता, पण हौसेचा पैसा कुठे लावायचा याची त्याला जाण होती.

त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ च्या सुमारास परत आले. त्यांच्याबरोबर या कथेत शिरला एक पोलिश ज्यू इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन. वॉर्सातून येऊन तो बंगलोरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्यात काम करत होता. भगवी वस्त्रं घातली, भारतानंद नाव घेतलं, आणि गांधीजींच्या चरख्यावर प्रयोग करून धनुष तकली तयार केली. बऱ्याच वर्षांनी मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणून १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक काढणारा माणूसही हाच. अध्यात्म आणि यंत्र दोन्ही कळणारा, आणि पगाराची पर्वा नसलेला असा माणूस औंधसारख्या आडवळणाच्या संस्थानाला मिळाला, हे त्या संस्थानाचं भाग्य.

१९३८ साल संस्थानांसाठी उलथापालथीचं होतं. म्हैसुरात, त्रावणकोरात, हैदराबादेत, राजकोटात प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती आणि बहुतेक राजे लाठी चालवत होते. औंधमध्ये त्या नोव्हेंबरात राजानेच जाहीर केलं की सगळी सत्ता प्रजेच्या हाती देतो. फ्रीडमन आणि अप्पासाहेब मसुद्यासाठी सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. या गोष्टीचं मला विशेष वाटतं, कारण सेवाग्राम आमचं. चिमूरहून बैलबंडीने जायचं म्हटलं तरी माणूस पोचेल एवढ्या अंतरावर. साताऱ्याकडच्या ७२ गावांनी कसं राहावं, याची बोली वर्ध्याच्या मातीत, कुडाच्या झोपडीत झाली. जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या घटनेबद्दल लिहिलंही.

गांधीजींच्या अटी कडक होत्या. राजाने संस्थानाचा खजिना आपला समजायचा नाही, ठरलेल्या तनख्यात भागवायचं. युवराजाने साधं राहायचं, गावकऱ्यांत मिसळायचं. राजा हा प्रजेचा पहिला सेवक. अप्पासाहेबांनी म्हातारपणी या प्रयोगावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात या अटींचा ताण आणि आनंद दोन्ही जाणवतात.

आता रचना. तळाशी गावची पंचायत, पाच जणांची, गावाने निवडलेली. पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती. तालुका समित्यांनी आपल्यातून पाठवलेल्या माणसांची मिळून संस्थानाची विधानसभा, आणि तिला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ. बोलण्याचं, जमण्याचं, उपासनेचं स्वातंत्र्य आणि फुकट शिक्षण हे नागरिकाचे हक्क म्हणून लिहिलेले. वसुलाचा मोठा वाटा वर न जाता तालुक्यात आणि गावातच राहायचा. बारीकसारीक दिवाणी-फौजदारी तंटे पंचायतीपुढे, गावातच तोडायचे.

ही माहिती कागदावर कोरडी वाटते, पण ती गावात कशी उतरली असेल त्याचा विचार करून पाहा. आटपाडीकडच्या एखाद्या वाडीत बांधावरून तंटा झाला. पूर्वी हा तंटा तालुक्याच्या कचेरीत गेला असता. तिथे वकील, कारकून, तारखा, मुक्काम. साक्षीदाराला दिवसाची मजुरी बुडवून चालत जावं लागायचं आणि तारीख पुढे ढकलली की पुन्हा. शिवाय कचेरीत माणूस सहज खोटं बोलतो, कारण ऐकणाऱ्याने तो बांध पाहिलेला नसतो. तोच तंटा गावात, देवळापुढे, ज्यांनी तो बांध जन्मभर पाहिला आहे त्यांच्यासमोर मांडायचा असला तर खोटं बोलायला जीभ उचलत नाही. पंचायतीचा न्याय स्वस्त असतो हे सगळे सांगतात. मला तो गुण दुय्यम वाटतो. साक्षीदार आणि ऐकणारा एकाच मातीवर उभे असतात, ही खरी गोष्ट. त्याचबरोबर हेही मान्य करायला हवं की त्या मातीवर सगळे सारख्या उंचीवर उभे नसतात. बांध पाटलाचा असला आणि दाद मागणारा गावकुसाबाहेरचा असला, तर देवळापुढची तीच बैठक कचेरीपेक्षा जास्त भीतिदायक होऊ शकते.

घटनेतल्या एका गोष्टीशी मला अजूनही जुळवून घेता येत नाही. मताच्या हक्काला साक्षरतेची जोड असावी असा गांधीजींचा आग्रह होता. त्यामागचा हेतू मला कळतो: मत हवं असेल तर गाव शिकेल, आणि सरकारला शिकवावंच लागेल. पण १९३९ साली लिहितावाचता येणारं माणूस खेड्यात कोण होतं? बहुतेक पुरुष, आणि तेही ठरावीक आळीतले. बाई, शेतमजूर, महार-मांग वस्ती, माणदेशाच्या माळावर मेंढरं घेऊन हिंडणारा धनगर, यांना अक्षर येईपर्यंत थांबायला सांगणं म्हणजे ज्यांना न्यायाची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच रांगेत शेवटी उभं करणं. अकरा वर्षांनी भारताच्या राज्यघटनेने अंगठा उमटवणाऱ्यालाही तेच एक मत दिलं. औंधपेक्षा त्या बाबतीत ती घटना नक्कीच थोर.

धनगरांचं नाव निघालं म्हणून सांगतो. औंध संस्थानातलं माळरान, तिथली वाडी, तिथला शाळामास्तर आणि तालीम हे ज्याला आतून पाहायचं असेल त्याने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचावी. घटनेचा मसुदा वाचून जो गाव कळत नाही तो तिथे कळतो.

या प्रयोगाची सर्वांत धाडसी शाखा मात्र पंचायत नव्हती, तुरुंग होता. आटपाडीजवळ १९३९ मध्येच स्वतंत्रपूर वसवलं गेलं. तुरुंगाला भिंत नाही. कैद्यांनी माळावर राहायचं, जमीन कसायची, विहिरीचं पाणी द्यायचं, बायकामुलांना सोबत आणायचं. आटपाडीच्या त्या खडकाळ रानात पाऊस बेभरवशाचा. बाहेरच्या सज्जन शेतकऱ्यालाही पीक काढताना नाकी नऊ येत. तिथे खुनाची शिक्षा झालेल्या माणसाच्या हातात कुदळ द्यायची आणि रात्री दाराला कुलूप लावायचं नाही, हे करायला पंचायती स्थापन करण्यापेक्षा मोठी छाती लागते. पंचायत चुकली तर तंटा पुन्हा ऐकता येतो. कैदी पळाला तर अख्ख्या प्रयोगाच्या तोंडाला काळं लागतं, आणि हसायला साम्राज्याचा रेसिडेंट टपून असतो.

ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांनी या कैद्यांची गोष्ट लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ केला. १९५८ मध्ये त्या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. सिनेमा लोकांच्या ध्यानात राहिला, आणि तो ज्या राज्यघटनेच्या सावलीत उगवलेल्या कथेवर उभा होता ती घटना विसरली गेली. स्वतंत्रपूर विसरलं गेलं नाही एवढं बरं. ती खुली वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आजही चालू आहे.

बर्लिनचं नाव आलंच आहे तर थोडं जर्मनीत जाऊन येऊ, कारण राजाने दिलेली घटना किती टिकते या प्रश्नाचं उत्तर तिथे फार ठळक सापडतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनी हा आपल्या संस्थानी मुलखासारखाच तुकड्या-तुकड्यांचा होता. राजे, ड्यूक, राजपुत्र. कुणाचं राज्य जिल्ह्याएवढं, कुणाचं तालुक्याएवढं. अनहाल्ट-डेसाऊ नावाच्या अशाच एका छोट्या राज्याने १८४८ च्या क्रांतीत फार पुढारलेली लोकशाही घटना केली आणि दुसऱ्याच वर्षी ती रद्द झाली. थोड्या मोठ्या हानोव्हरमध्ये १८३३ साली राजाने घटना दिली. १८३७ मध्ये तो राजा वारला. तोच इंग्लंडचाही राजा होता. इंग्लंडची गादी व्हिक्टोरियाकडे गेली, पण हानोव्हरच्या वारशात बाईला जागा नसल्यामुळे तिथे तिचा काका अर्न्स्ट ऑगस्ट आला. आल्या वर्षीच त्याने घटना मोडीत काढली. ग्यॉटिंगेन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी लेखी सांगितलं की आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, राजाच्या मर्जीने ती शपथ सुटत नाही. सातही जण नोकरीतून काढले गेले, तिघांना तीन दिवसांत राज्य सोडावं लागलं. त्या सातांत दोघे भाऊ होते, याकोब आणि विल्हेल्म ग्रिम. आपल्या पोरांना हिमगौरीची आणि सिंडरेलाची गोष्ट ज्यांच्यामुळे मिळाली तेच हे.

शेजारच्या कुरहेसनमध्ये १८३१ ची घटना अशीच धोक्यात आली तेव्हा, १८५० मध्ये, सैन्यातल्या बहुसंख्य अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले, कारण त्यांनीही घटनेची शपथ घेतली होती. मला हे दोन्ही प्रसंग घटनेच्या कलमांपेक्षा मोठे वाटतात. राजा घटना देतो आणि फाडतो. ती कुणाच्या पोटात किती उतरली, ते फाडल्यावर कळतं. हानोव्हरमध्ये ती सात प्राध्यापकांच्या पोटात उतरली होती, आणि अख्खा युरोप त्यांची आठवण ठेवतो.

औंधमध्ये कुणी ती फाडली नाही. उलट १९४२ नंतर तिची वेगळीच परीक्षा झाली. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्याचं एक मोठं ठाणं कुंडल, आणि कुंडल औंध संस्थानातलं. जी. डी. बापू लाड कुंडलचे. प्रतिसरकारचे लोकही गावोगाव न्यायनिवाडे करत होते, पंच बसवत होते, दारूबंदी, गुंडांचा बंदोबस्त, कमी खर्चाची लग्नं. इंग्रजी मुलखातल्या गावांना हे नवीन होतं. औंधच्या गावांना पंचासमोर बसायची सवय आधीच लागली होती. राजाने दिलेली पंचायत आणि राज्याविरुद्ध उठलेलं प्रतिसरकार यांच्यात काही थेट नातं आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या मातीत दोन्ही उगवली ती एकच होती, आणि तिला ठरवण्याची चव लागली होती. आमच्या चिमूरला असं आधीचं काहीच मिळालं नव्हतं. त्यामुळे तीन दिवसांनी फौज आली तेव्हा गावापाशी हिंमत होती, तिला बांधून ठेवणारी बैठक नव्हती. कुंडलच्या बाजूला ही लढाई १९४६ पर्यंत तगून राहिली. यात डोंगराचा, माणसांचा, नशिबाचाही भाग आहे; सगळं श्रेय घटनेला देणं अन्याय होईल.

शेवट झटकन आला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि साताऱ्याकडे ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. औंधला तीस वर्षं राहून वेदांचं काम करणारे पंडित सातवळेकर त्या वर्षी औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. त्या काळात गावच्या कोणत्या पंचायतीने कुणाला वाचवलं आणि कोणत्या पंचायतीने डोळे मिटले, याची नोंद ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती लिहून ठेवावी असं मला फार मनापासून वाटतं. घटनेची खरी परीक्षा निवडणुकीत होत नसते. ती अशा रात्री होते.

गांधीजी गेल्याला ३८ दिवस झाले तेव्हा, ८ मार्च १९४८ ला, दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. औंधही गेलं, आणि त्याबरोबर त्याची घटना. सरदार पटेलांच्या या कामाला मी कमी लेखत नाही; विलीनीकरण झालं नसतं तर आज आपला देश कसा दिसला असता याचा विचारही नको. पण मोठ्या घरात शिरताना लहान घरातलं जे एक चांगलं भांडं होतं ते अंगणातच राहिलं. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ ला वारले. अप्पासाहेबांना नेहरूंनी परराष्ट्र सेवेत घेतलं आणि १९४८ मध्येच पूर्व आफ्रिकेत नैरोबीला पाठवलं.

दिल्लीत तेव्हा घटना समिती बसली होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी मसुदा मांडताना खेड्याच्या स्वायत्ततेचं कौतुक करणाऱ्यांना खडसावलं: खेडं म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचा अड्डा. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजातल्या माणसाचा तो अनुभव होता आणि तो खरा होता; मघाशी देवळापुढच्या बैठकीबद्दल मी जे लिहिलं ते त्यांच्यामुळेच लिहायची बुद्धी झाली. समितीतल्या इतरांच्या आग्रहाने ग्रामपंचायतींबद्दलचं ४० वं कलम आलं, पण मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा जागी. गावाकडे सत्ता यायला वाट पाहावी लागली. आमच्या विदर्भातल्या पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीने केलेल्या शिफारशींवर १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, आणि १९९६ मध्ये आदिवासी क्षेत्रांसाठी पेसा कायदा आला. त्यात पहिल्यांदा निवडलेल्या पाच जणांऐवजी सगळ्या गावाची सभा, म्हणजे ग्रामसभा, मध्यभागी आली.

हा फरक मला गडचिरोलीत धानोऱ्याच्या बाजूला एका सभेत बसल्यावर समजला. मोहाच्या झाडाखाली चटया टाकल्या होत्या. बांबूच्या विक्रीचा हिशेब चालू होता. सभा गोंडीत, मध्ये मध्ये मराठीत. शेजारचा पोरगा मला हळू आवाजात अर्थ सांगत होता. बांबूच्या मुंडाऱ्या किती, भाव काय, मजुरी किती गेली, असं सचिव वाचत होता. मागे बसलेल्या एका म्हातारीने, मांडीवर नातू घेतलेला, वहीच मागितली. तिला वाचता येत नव्हतं. तिने वही हातात घेतली, पानं मोजली, आणि शेजारणीला म्हणाली, माझ्या घरच्या मुंडाऱ्यांची ओळ कुठली ते दाखव. शेजारणीने बोट ठेवलं. म्हातारीने त्या ओळीवर आपलं बोट ठेवलं आणि मान डोलावली. मग सभा पुढे सरकली. औंधच्या नियमाने ती म्हातारी मतदारही झाली नसती.

त्याच धानोरा तालुक्यात मेंढा हे गाव आहे, लेखा-मेंढा म्हणून सगळीकडे माहीत असलेलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. गोंडीत म्हणतात, ‘मावा नाटे मावा राज’. निर्णय सर्वसहमतीने, एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं. औंधच्या पंचायतीत पाच जण ठरवत, इथे सगळं गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडला तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात, म्हणजे हक्क गावाचा आणि शिक्का दुसऱ्याचा. दोन वर्षं त्यावर झगडा चालला. औंधच्या घटनेत वसुलाचा वाटा गावात राहील असं लिहिलं होतं तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडला असणार: पैसा कुणाच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली कुणाकडे.

२७ एप्रिल २०११ ला वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले. उन्हाळा कडक होता, जंगल पानगळीने मोकळं झालेलं. सभेचे देवाजी तोफा पुढे झाले. मुंबईहून आलेले मुख्यमंत्रीही हजर होते, पृथ्वीराज चव्हाण, आणि ते कऱ्हाडचे, म्हणजे औंधच्या शेजारचे.